कमानीवरची उरलेली पाच

चौथ्या अक्षराची शेवटची कड ओढून ती ब्रश उचलणार, तेवढ्यात फोन वाजला. लेकीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. तिनं ब्रश थिनरच्या वाटीत उभा केला, हात पुसले, ॲप्रन खिळ्याला अडकवला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, उरलेली पाच तशीच राहू द्या. हात लावू नका. तीन महिन्यांत येते, मग मी करते."

ब्रश वाटीत उभा ठेवू नये, केस वाकतात, हे तिनंच त्याला तीस वर्षं ऐकवलं होतं. त्या दिवशी तिनंच तो उभा ठेवला. इतकी घाई होती.

त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

नवरा मिस्त्री. त्याचा धंदा जुनी यंत्रं पुन्हा चालती करण्याचा. दुकान म्हणजे गल्लीच्या टोकाची एक लांबट खोली: पुढे पत्र्याचं शटर, मागे उंच खिडकी, मध्ये सुटे करून ठेवलेले लेथ, ड्रिल आणि शिकंजे. गंज काढणं, घासणं, बेअरिंग बदलणं, अंगाला रंग देणं त्याच्याकडे. अंगावर अक्षरं असली, तर ती तिच्याकडे. जुन्या ओतीव यंत्रांवर कारखान्याचं नाव लोखंडातूनच वर आलेलं असतं, तांदळाच्या दाण्याएवढं उंच. अंगाचा हिरवा रंग वाळला की मिस्त्री अक्षरांचे माथे पॉलिश पेपरनं घासायचा, लोखंड उघडं करून द्यायचा आणि बाजूला व्हायचा. मग ती आपलं बुटकं स्टूल ओढून बसायची.

गिऱ्हाइकं त्याला मिस्त्री म्हणत आणि तिला अक्षरवाली. कोपऱ्यावरचा रंगवाला म्हणायचा, "यंत्र बिघडलं तर मिस्त्रीकडे न्या. मिस्त्री बिघडला तर अक्षरवालीला सांगा."

उठावाच्या अक्षराला ब्रशचं टोक चालत नाही. टोक लागलं की रंग कडेवरून खाली ओघळतो आणि अक्षराला आसवं येतात. ती झिजलेल्या केसांचा चपटा ब्रश घ्यायची, डब्याच्या काठावर दोनदा निथळायची आणि अक्षराच्या माथ्यावर आडवा निजवायची. निजलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा. एका अक्षराला एकच श्वास. तो लांबवायला ती मनाशी दोन ओळी जुळवून गुणगुणायची. दर अक्षराला नव्या दोन ओळी, आणि पुढच्या अक्षराला आधीच्या विसरलेल्या. मिस्त्री पलीकडे कानस घासत असायचा, पण कान तिकडेच. या यंत्राचं पहिलं अक्षर लावताना ती म्हणाली होती:

पहिलं माझं अक्षर, लोखंडाच्या कपाळी
उमटू दे रे पांढरं, ऊन जसं सकाळी

दुसरं नि तिसरं त्याला आठवत नव्हतं. त्या वेळी बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं. चौथं मात्र पाठ होतं, कारण ते त्याच्यावरच होतं:

चौथं माझं अक्षर, कमानीच्या चढावर
चुकला माझा हात तर, खापर ह्यांच्या डोक्यावर

आणि मग फोन वाजला होता. पाचव्याच्या ओळी कुणालाच ठाऊक नव्हत्या, कारण त्या अजून झालेल्याच नव्हत्या.

अक्षरं पुरी झाली की तिचा एक हट्ट असायचा. यंत्र खिडकीखाली ढकलायला लावायची. "उन्हं खाऊ द्या त्यांना चार दिवस." मिस्त्री कुरकुरत ढकलायचा. लोखंडाला कसली उन्हं आणि कसली सावली! त्याला वाटायचं, बाईमाणसाचे लाड आहेत.

हे यंत्र कागद कापायचं होतं. खाली जाड टेबल, बाजूला हातानं फिरवायचं चाक, आणि वर ओतीव लोखंडाची कमान. कमानीवर डावीकडून उजवीकडे नऊ अक्षरं. चार चढावर, पाचवं शेंड्यावर, चार उतारावर. ती गेली त्या संध्याकाळी मिस्त्रीनं उरलेल्या पाच अक्षरांच्या उघड्या माथ्यांवर जाड ग्रीस थापलं. उघडं लोखंड हवेवर चार दिवस तग धरतं, फार तर पाच. मग लाल पुटकुळ्या येतात. तिच्या चार अक्षरांवर धूळ बसू नये म्हणून वर जुनी रजई घातली, रजईवर काळी ताडपत्री, आणि सुतळीनं बांधून यंत्र कोपऱ्यात सरकवलं. लेकराला थंडी वाजू नये म्हणून गुंडाळावं तसं. उन्हात ठेवायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. अर्धं काम उन्हात कसं ठेवायचं?

तीन महिने झाले. नातू अशक्त होता, कुशीतून खाली ठेवला की रडायचा. सहा महिने झाले. त्याला दात येत होते. मग लेकीची नोकरी पुन्हा सुरू झाली. मग तो धरून धरून चालायला लागला आणि घरातला प्रत्येक कोपरा त्याच्या डोक्याच्या उंचीवर आला.

"आज्जीशिवाय जेवत नाही हो," ती फोनवर सांगायची. "काल भिंतीवर डाळ फेकली. तुमच्यावर गेलाय."

"मी कधी डाळ फेकली?"

"डाळ नाही. पाना फेकला होतात. शेजारच्या पत्र्यावर."

"तो सुटला होता हातातून."

"हो, हो. वीस हात लांब सुटला होता."

मग दोघं हसायची. मग ती विचारायची, जेवलात का. तो सांगायचा, जेवलो. मग थोडा वेळ कुणीच काही बोलायचं नाही. त्या थोड्या वेळात एक शब्द सहज मावला असता. मिस्त्रीच्या जिभेवर तो रोज यायचा आणि रोज मागे फिरायचा. 'ये' म्हटलं आणि ती नाही आली, तर? शिवाय तिकडे लेकरू होतं. इकडे काय होतं? एक म्हातारा आणि पाच अक्षरं.

या दीड वर्षात त्यानं बिनअक्षरांचीच कामं घेतली. शिकंजे, हातोडीचे दांडे, पंप, शिलाई मशिनचे पाय. कुणी नाव ओतलेलं यंत्र आणलं की म्हणायचा, "सध्या जागा नाही." खोली अर्धी रिकामी असायची. रंगवाला एकदा दारात उभा राहून सगळीकडे बघत म्हणाला, "मिस्त्री, दुकान आहे की कवायतीचं मैदान?"

ताडपत्रीखालचं यंत्र बाइंडरबाईंचं होतं. चाळिशीच्या, बारीक, बोटांच्या टोकांना कायम वाळलेला डिंक. पुस्तकं बांधायचं काम त्या घरी करायच्या. आता त्यांनी रस्त्यावर जागा घेतली होती. दीड वर्षात पाच-सहा वेळा येऊन गेल्या, पण आवाज कधी चढवला नाही. त्या दिवशी मात्र उभ्याच राहिल्या.

"मिस्त्री, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला माझं दुकान उघडतंय. यंत्र चालतंय ना?"

"पाण्यासारखं चालतंय."

"मग अडलंय काय?"

"पाच अक्षरं राहिलीत."

"पाच अक्षरांना दीड वर्ष?"

"अक्षरवाली गावाला गेलीय."

"मग दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. नाहीतर तुम्हीच करा. तुम्हाला येत नाही का?"

मिस्त्री चाकाची मूठ पुसत राहिला. हाताला येत होतं. पण ती पाच अक्षरं त्यानं लावली, तर कमान पुरी होणार होती, आणि कमान पुरी झाली की तिच्या येण्याचं एक कारण कमी होणार होतं. हे बाइंडरबाईंना कसं सांगायचं? "देतो," एवढंच तो म्हणाला.

त्या गेल्यावर त्यानं सुतळी सोडली. ताडपत्री काढली. रजई काढली.

चार अक्षरं होती तशी होती. कडा सुईसारख्या, एक थेंब खाली नाही. आणि रंग सायीचा. तापलेल्या दुधावर जमते तशी जरा पिवळसर, जाड, मऊ साय. मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिला. पांढरा म्हणतात तो हा नव्हता. तिनं यात काहीतरी घातलं होतं. तीस वर्षं शेजारी बसून आपल्याला पत्ता नाही! त्या वेळीही अक्षरं अशीच दिसत होती का, असं त्यानं स्वतःला विचारलं, आणि डोळ्यांनी लगेच हो म्हटलं. समोर दिसतं तेच डोळ्यांना आठवतं.

रंगवाल्याकडे जाऊन त्यानं विचारलं, "आमच्या बाईनं शेवटचा डबा कुठला नेला होता?"

"पांढरा."

"नुसता पांढरा?"

"नुसता नाही, डब्यात घालून दिला होता."

"चेष्टा नको. दुसरं काय नेलं?"

"थिनर. आणि 'मिस्त्री चहात साखर घालून घेतात का' हे विचारून गेली. मी म्हटलं, नाही."

"खोटं बोललास?"

"मैत्री म्हणून."

त्यानं तिलाच फोन लावला. भर दुपारी फोन आला म्हणून ती आधी घाबरली.

"काय झालं? बरं आहे ना?"

"बरं आहे. त्या कमानीच्या अक्षरांत काय मिसळलं होतंस?"

"काय मिसळणार? डबा उघडला, ढवळला, लावला."

"सांगायचं नसेल तर तसं सांग."

"अहो, खरंच! पांढराच आहे तो. तुम्ही का विचारताय?" मग तिचा आवाज जरा खाली आला. "लावताय तुम्ही?"

"बाइंडरबाईंना पंधराला हवंय."

पलीकडे भांडं वाजलं. नातू काहीतरी मागत होता. "हां," ती म्हणाली. "मग लावा. ब्रश निथळून घ्या." आणि फोन बंद झाला.

ती 'थांबा' म्हणेल असं त्याला वाटलं होतं. तिला काय वाटलं होतं, ते त्याला कळायला मार्ग नव्हता.

मिस्त्री रंग जुळवायला बसला. पत्र्याचे बोटभर तुकडे कापले. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब टाकला. लोण्यासारखा झाला. दोन थेंब, पिकल्या केळ्यासारखा. परत पांढरा ओतला, तपकिरीचं टोक बुडवलं, मळकट झाला. प्रत्येक तुकडा वाळवायचा, चौथ्या अक्षराशेजारी धरायचा, डोळे बारीक करायचे. खिडकीच्या कट्ट्यावर तुकड्यांची रांग लागली. तिच्या हातातलं गुपित आपण शोधून काढतोय, या विचारानं त्याला कित्येक महिन्यांनी बरं वाटत होतं. तिच्याशीच काहीतरी बोलणं चाललंय असं. बारावा तुकडा चौथ्या अक्षराशेजारी धरला आणि कुठला तुकडा, कुठलं अक्षर, ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ग्रीस पुसलं, थिनरनं पाचही माथे कोरडे केले, तिचं स्टूल ओढलं. स्टूल त्याला बुटकं होतं, गुडघे कानापाशी आले. ब्रश निथळला. पाचवं अक्षर बरोबर शेंड्यावर होतं, गोल पोटाचं. ब्रश निजवला, आणि श्वास पुरेना. ती ओळी म्हणायची ते उगीच नाही, हे तेव्हा कळलं. त्यानं घसा खाकरला. दुकानात कुणी नव्हतं तरी दाराकडे बघून घेतलं.

पाचवं माझं अक्षर, कमानीच्या शेंड्याला

पुढे काही सुचेना. ब्रश अर्ध्या पोटावर येऊन थांबायला लागला. घाईघाईनं त्यानं जुळवलं:

थिनर संपत आलंय, सांगा रंगवाल्याला

आणि स्वतःशीच इतका हसला की सहाव्या अक्षराआधी त्याला उठून पाणी प्यावं लागलं. सहावं, सातवं, आठवं त्यानं मुक्यानंच केलं. आठव्याला एक बारीक आसू आलं, ते काडीला चिंधी गुंडाळून टिपलं. नववं लावून झालं तेव्हा ऊन शटरपर्यंत आलं होतं. नऊच्या नऊ अक्षरं एका रंगाची. त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदात बसायला शेजारी कुणी नव्हतं.

रंग मुरायला हवा होता. तिचं बोलणं आठवलं म्हणून असेल, किंवा ताडपत्रीत पुन्हा गुंडाळायचा जीव होईना म्हणून असेल, त्यानं यंत्र खिडकीखाली ढकललं. दिवसभर ऊन कमानीवरून सरकायचं.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला वाटलं, चष्मा पुसायला हवा. त्यानं चष्मा पुसला. आठवड्यानं वाटलं, काच मळलीय. त्यानं शिडी लावून खिडकी धुतली. दहाव्या दिवशी पुसायला काही उरलं नाही. तिची चार अक्षरं पांढरी होत होती. रोज थोडी थोडी. गव्हाच्या पिठातून तांदळाच्या पिठाकडे जावीत तशी. आणि त्याची पाच होती तिथेच, पिवळी, शेंड्यापासून उतारापर्यंत.

रंगवाला थिनरची बाटली घेऊन आला आणि दारातच थांबला. त्यानं कमानीकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता बाटली ठेवून गेला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला, चेहरे दिसणारा. नातवाला आजोबा दाखवायचे होते. नातवानं आजोबांना चमचा दाखवला. मग ती पडद्यात आली. केस जरा पांढरे झाले होते, की उजेड तसा होता.

"दाखवा बघू कमान."

"नंतर दाखवतो."

"आत्ता दाखवा."

त्यानं फोन फिरवला.

"हे काय केलंत? उजवीकडचा रंग पिवळा का?"

"तुझ्याशी जुळवला होता."

"मी कुठे पिवळा लावला?"

"लावला होतास. मी बघितलं. साय होती, साय. बारा तुकडे केले मी जुळवायला. आता तुझाच रंग पळून चाललाय, त्याला मी काय करू?"

"पळून नाही चालला. परत येतोय." ती कॅमेऱ्याच्या जवळ आली, नाक नि डोळे तेवढे दिसायला लागले. "तुम्ही झाकून ठेवलं होतंत का?"

"धूळ बसेल म्हणून."

"कशानं?"

"रजई. वर ताडपत्री."

"अहो, पांढरा ऑइलपेंट अंधारात पिवळा पडतो. उन्हात आणला की उजळतो. म्हणून तर खिडकीत ठेवायला लावत होते ना! तीस वर्षं काय वाटलं तुम्हाला, मी यंत्रांना शेकत होते?"

"मला वाटलं लाड करतेस."

"म्हणजे मी म्हणत होते तो नुसता पांढराच होता."

"हं."

"आणि तुम्ही जुळवलात तो अंधार."

ती काहीतरी मोजत होती, ते तिच्या डोळ्यांत दिसलं.

"इतका पिवळा पडायला पुष्कळ दिवस लागतात," ती म्हणाली. "कधीपासून होतं झाकलेलं?"

"तू गेल्यापासून."

"मधे एकदाही उघडलं नाहीत?"

"नाही."

"का?"

"तू म्हणालीस हात लावू नका."

पलीकडे नातू चमच्यानं ताटली वाजवत होता. एक, दोन, थांबून तीन.

"दीड वर्षात तुम्ही एकदा तरी 'ये' म्हणालात?" तिनं विचारलं. रागानं नाही, डबा शोधताना विचारावं तसं.

"म्हटलं असतं तर आली असतीस?"

"ते आता मी कसं सांगू? म्हणून बघायला हवं होतं."

"तिकडे लेकरू आहे."

"लेकराला आई आहे, बाप आहे, आता पाळणाघरही बघितलंय. मी विचार करत होते, तिकडे काही अडत नसेल. तुमचा फोन आला की सगळं बरं. जेवलो, झोपलो, बरं आहे. त्या दिवशी तर अक्षरंही तुम्हीच लावायला निघालात. म्हटलं, झालं. उरलं होतं तेही सुटलं."

मिस्त्री फोन या हातातून त्या हातात घेत होता. पडद्यात तिला कधी कमान, कधी छत, कधी त्याचा कान दिसत असणार.

"अडतंय," तो म्हणाला.

"काय अडतंय?"

"पाचव्याच्या ओळी येत नाहीत मला."

"काय म्हणालात मग?"

त्यानं थिनर आणि रंगवाला म्हणून दाखवलं. ती हसली. लेकही हसली, ती मागेच उभी होती, हे त्याला तेव्हा कळलं. लाज वाटली, पण आता निघालंच होतं तोंडातून, तर उरलेलंही निघालं.

"ये," तो म्हणाला. "ये आता."

ती डोळे पुसत होती की हसत होती, पडदा हलल्यामुळे कळलं नाही. "आधी तुमची पाच खरवडून काढा," ती म्हणाली. "लोखंडापर्यंत. माझ्या चारांना धक्का लावू नका. आणि येण्याचं, बघते."

तिचं 'बघते' त्याला चांगलं ठाऊक होतं. भाजी आणायचं 'बघते' म्हणजे हो. पंखा दुरुस्त करायला माणूस बोलावायचं 'बघते' म्हणजे नाही. हे कुठल्या जातीचं होतं, ते त्याला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी त्यानं चौथ्या अक्षराच्या कडेला कागदी पट्टी चिकटवली आणि पाचव्यापासून खरवडायला घेतलं. स्वतःचं काम खरवडताना माणसाचा हात जड पडतो. त्याचा पडला नाही. पिवळी कात निघत गेली, खाली लोखंड चमकत गेलं. बारा तुकड्यांची रांग त्यानं कचऱ्यात टाकली. बारावा मात्र खिशात ठेवला. दीड वर्षाचा रंग होता तो. असा डबा कुठे मिळतो?

चौदा तारखेला बाइंडरबाई टेम्पो घेऊन आल्या. कमानीकडे बघून म्हणाल्या, "ही तर परत पाच राहिली!"

"अक्षरवालीला बोलावलंय," मिस्त्री म्हणाला.

"येतायत?"

"बोलावलंय."

बाइंडरबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. पुस्तकाची शिवण तपासावी तसं. मग म्हणाल्या, "यंत्र मी नेते. अक्षरं तिथे येऊन लावा, दोघंही. गिऱ्हाईक विचारेल तर सांगेन, काम चालू आहे." आणि टेम्पोत चढता चढता, "उघडी राहिली तर गंजणार नाहीत ना?"

"मी येईन तेल लावायला."

ग्रीस तिथे चालणार नव्हतं. कागदाचं दुकान, एक डाग पडला की पुस्तक गेलं. पातळ तेलाचा हलका हात, दर शनिवारी, चिंधीनं, फक्त माथ्यांवर. पहिल्या शनिवारी तो गेला तेव्हा यंत्र रस्त्याकडच्या काचेमागे उभं होतं, भर उजेडात. चार अक्षरं लख्ख होती. पहिल्या अक्षराच्या ओळींत तिनं म्हटलं होतं तशी, सकाळच्या उन्हासारखी. बाइंडरबाई चाक फिरवत होत्या, सुरी खाली येत होती, कागद कापल्याचा कोरडा आवाज होत होता. तो तेल लावून आला.

दुसऱ्या शनिवारीही लावून आला. त्या दोन आठवड्यांत फोनवर दोघं डाळ, दात, शनिवारचं तेल, जेवलात का, एवढंच बोलली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. पण 'ये' एकदा म्हटला गेला होता. फोन ठेवल्यावर घर आधीइतकं मुकं वाटत नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी तो चिंधी आणि तेलाची बुधली घेऊन रस्त्यानं चालला होता. बाइंडरबाईंच्या काचेपाशी पोचला, आणि खिशात फोन थरथरला. लेकीच्या फोनवरून आलेला संदेश होता, पण बोलणं लेकीचं नव्हतं, तिचं होतं. दोनच ओळी होत्या.

"आज तेल लावू नका. थिनरनं पुसून कोरडी ठेवा."

मिस्त्रीनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. कधी येते, कशानं येते, काही लिहिलं नव्हतं. त्यानं बुधलीचं झाकण घट्ट केलं. आत गेला, बाइंडरबाईंकडे एक स्वच्छ फडकं मागितलं आणि पाचव्या अक्षराचा माथा पुसायला लागला. मग सहाव्याचा. काचेतून ऊन येत होतं. उघडं लोखंड किती दिवस तग धरतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

चार दिवस. फार तर पाच.